शेवटची पावती

वडगावात, पतसंस्थेच्या माळ्यावर
रात्री अकराला पॅकेज आपलं आपण सुरू होतं.
मी नुसती हजर असते,
डब्यातला गार भात निपटत.
टेबलावर पिग्मीची यंत्रं चार्जिंगला,
एक रवळू बिर्जेचं, एक शिवलीलाचं,
दिवसभर दुकानं हिंडून दमलेली.
आत दहा-दहा, वीस-वीस रुपये,
प्रत्येकाला पावतीचा नंबर.

संध्याकाळी मी एका चौकटीत टाकलं होतं:
शेवटची पावती, ४११७.
याच्या पुढच्या तेवढ्या उचल.
पॅकेजनं उचलल्या. आकडा पुढे सरकत गेला,
४११८, ४११९,
मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी.
मग हिरवी खूण आली, खिडकी मिटली.
मी कुलूप लावून घरी गेले.

शाळेत याला चल म्हणायच्या बाई.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं,
चल, पण कुठं?
कुठंच नाही.
रात्रभर चालतो, आणि पॅकेज संपलं की
बेंगळुरूच्या कुठल्याशा पोरानं
किंवा मी, काल, चौकटीत,
जिथं बसवला तिथंच परत येऊन बसतो.
शाखेच्या नावाचंही तसंच.
मी ते माझ्या पद्धतीनं लिहिते,
एक रात्र टिकतं.

चार दिवसांनी दस्तगीर आला, भजीवाला,
पासबुक बनियनच्या आत, घामानं मऊ.
‘चार दिसाचे चाळीस भरलोय मी.
पुस्तकात शंभर कशे?’
वाढले म्हणून तक्रार करणारा
पहिलाच माणूस.
मी हिशोब मांडला:
पहिल्या दिवसाचे दहा चारदा,
दुसऱ्याचे तीनदा, तिसऱ्याचे दोनदा.
रोज रात्री तेच ४११७,
रोज रात्री तिथूनच पुढे.
बाकीचे दीडशे खातेदार
गप्प होते.

घरी बाबांना सांगितलं. ते मागावर होते,
लाईट नुकतीच गेलेली,
खोलीत तेलाचा आणि सुताचा वास.
अंधारात चाचपडत त्यांनी
काठाला लाल दोऱ्याची गाठ मारली,
इथवर झालं म्हणून.
‘धोट्याला काय ध्यानात राहतंय गा?
गाठ आपण मारायची.’
मी म्हटलं, साडी पूर्ण झाल्यावर मारली तर?
ते हसले. ‘लाईट तुला विचारून जाते काय?’

मग मी एक तक्ता केला.
रकाने तीन: नाव, किंमत, केव्हा.
ओळ एकच.
पॅकेज आधी तिथं जाऊन वाचतं,
आणि पैसे खात्यात पडतात
त्याच दमात नवा नंबर तिथं लिहितं.
दोन्ही होतं, नाहीतर दोन्ही होत नाही.
एवढंसं काम. तीन रात्री गेल्या.
पहिल्या रात्री रकान्याचं नाव चुकलं,
दुसऱ्या रात्री खरंच लाईट गेली
आणि परत आली तेव्हा
पॅकेज ४२०९ पासून पुढे निघालं,
न विचारता.
मी एकटीच उठून उभी राहिले होते.

दस्तगीरचे साठ वजा केले. उरलेल्यांचेही.
त्या दिवशी मात्र पुष्कळ लोक बोलायला आले.

तो म्हणाला, ‘कुठं लिवून ठेवलीस, दाव.’
वर आणला त्याला. स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.
‘एवढंच?’
‘एवढंच.’
त्यानं बोट ठेवलं ओळीवर,
पासबुकात ठेवतो तसं, दाबून.

बेसनाचा, तेलाचा तो ठसा
अजून काचेवर आहे.
रोज रात्री अकरानंतर
त्याच्याखालचा आकडा बदलतो.
पुसायचं राहून जातंय.